चतुःसीमा

भाऊबीजेची ओवाळणी झाली, जेवणं उरकली, आणि मामींनी आईबरोबर द्यायला म्हणून अनारसे तळायला घेतले. मी गुंडाळी करून आणलेला नकाशा ओसरीवर मामांसमोर पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. पुढच्या आठवड्यात महाविद्यालयात मला याच नकाशावर बोलायचं होतं. मुलांसमोर जाण्याआधी तो मामांच्या नजरेखालून जावा, अशी माझी इच्छा होती. मामा ३४ वर्षं भूकरमापक होते. जुन्नर, आंबेगाव, खेड या तालुक्यांतल्या किती गटांच्या मोजण्या त्यांच्या हातून झाल्या, याचा हिशेब त्यांनीही ठेवलेला नाही. कागदावरची रेघ आणि जमिनीवरचा बांध यांतलं अंतर त्यांच्याइतकं जवळून पाहिलेला माणूस मला दुसरा माहीत नाही.

त्यांनी चष्मा पुसला. "प्रमाण?"

"या टोकापासून त्या टोकापर्यंत ५२ कोटी प्रकाशवर्षं."

"उत्तर कुठंय?"

"उत्तर आपण मानू ती."

"बरं." त्यांचं बोट नकाशाभोवती फिरलेल्या नारिंगी रेघेवर आलं. "ही हद्द कुणी कायम केली?"

मी सांगितलं. २०१४ मध्ये हवाई विद्यापीठातल्या ब्रेंट टुली यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा नकाशा काढला. या रेघेच्या आत लाखभर दीर्घिका आहेत. त्या सगळ्यांच्या महागुच्छाला त्यांनी नाव दिलं लानियाकिया, हवाईयन भाषेत अफाट आकाश. त्यातला हा कडेचा ठिपका म्हणजे आपली आकाशगंगा. त्या एका ठिपक्याच्या आत शंभर अब्जांच्या वर तारे, त्यातला एक सूर्य.

"हद्दीवर दगड?"

"नाहीत."

"बांध? ओढा? बाभळीचं झाड?"

"मामा, मधे काहीच नाही. रेघेच्या अलीकडेही दीर्घिका आहेत आणि पलीकडेही."

"मग पोरी, ही हद्द नाही, रेघ आहे. आतल्या सगळ्यांना मिळून एक नाव दिलं म्हणून त्यांचं गाव होत नाही."

वाद इथूनच सुरू झाला. मला तो हवाही होता. विश्वाच्या महारचनेविषयी बोलताना आम्ही शिकवणारी माणसं भिंती, तंतू, पोकळ्या असे शब्द सराईतपणे वापरतो. या वस्तू खरोखर तिथे आहेत की आपण ठिपके जोडून चित्र काढलंय, हे विचारायचं आम्ही बहुतेक वेळा विसरतो.

मामा उठून अंगणात गेले, मीही गेले. बीजेची कोर कधीच मावळली होती. त्यांचा मळा खोडदच्या वाटेवर आहे. दिवसा इथून जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या दिसतात. ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० तबकड्या या टापूत विखुरल्या आहेत. ताणून बसवलेल्या तारेच्या जाळीची त्यांची पाठ, त्यामुळे वारा आरपार जातो. रात्री त्या जागी नुसता अंधार. माथ्यावर पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदांचा चौकोन होता. त्याच्या एका कोपऱ्यावरून मी मामांना देवयानी दीर्घिकेकडे नेलं आणि माझी द्विनेत्री त्यांच्या हातात दिली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

"धूसर आहे, पण दिसतंय. मधे दाट, कडेला विरळ. तिरपं ठेवलेलं ताट वाटतं."

"२५ लाख प्रकाशवर्षं दूर."

"ही वस्तू आहे," मामा म्हणाले. "हिला आकार आहे, हिचं टिपण काढता येईल. दीर्घिका मी मानतो. तुझं ते बावन्न कोटींचं गाव मानत नाही."

"ही वस्तू आहे हे ठरायलासुद्धा भांडण झालं, मामा. १९२० साली वॉशिंग्टनमध्ये हार्लो शॅपली आणि हिबर कर्टिस यांचा जाहीर वाद झाला. शॅपलींचं म्हणणं होतं की असे धुरकट पट्टे आपल्याच आकाशगंगेतले. कर्टिस म्हणत होते, त्या वेगळ्या आकाशगंगा आहेत. निकाल लागला मोजणीने. एडविन हबल यांना १९२३ च्या ऑक्टोबरात देवयानीत एक तारा सापडला, ठरावीक दिवसांनी उजळणारा आणि मंदावणारा. तसल्या ताऱ्याचा काळ कळला की त्याचं खरं तेज कळतं, हे हेन्रिएटा लेव्हिट यांनी आधीच दाखवलं होतं. खरं तेज आणि दिसणारं तेज हाताशी आलं की अंतर निघतं. देवयानी आपल्या शिवाराच्या फार बाहेर निघाली."

"मोजणीने निघाली ना? मग ठीक." मामांना आवडलं ते. "आणि प्रकार किती?"

हबल यांनी १९२६ मध्ये सुरू केलेली वर्गवारी मी अंगणाच्या धुळीत काडीने काढली. एका बाजूला लंबवर्तुळाकार दीर्घिका, अगदी गोल ते चपट्या. त्यांत जुने तांबूस तारे, वायू फार थोडा, नवे तारे जवळजवळ नाहीत. पुढे दोन फाटे. एका फाट्यावर सर्पिल दीर्घिका, दुसऱ्यावर मधे दांडा असलेल्या सर्पिल, आपली आकाशगंगा धरून. यांत वायू, धूळ, निळसर तरुण तारे. फाटे फुटतात त्या जागी भिंगाकार. त्यांना तबकडी आहे, पण भुजा नाहीत. आणि या कशातच न बसणाऱ्या अनियमित, जसे दक्षिणेकडून दिसणारे मॅगेलनचे दोन ढग.

"जिरायत, बागायत, वरकस," मामा म्हणाले. "आणि शेवटचा पोटखराबा."

"पोटखराबा नाही हो. अनियमित दीर्घिकांत तारे जोमाने जन्मतात."

"असू दे. वर्गवारी करता येते याचा अर्थ वस्तू खरी आहे. वर्ग वस्तूंचे करतात, रेघांचे नाही."

माझ्याजवळ याला उत्तर होतं आणि ते द्यायला मी उतावीळ झाले होते. "तुमची कसोटी हद्दीची ना? मग दीर्घिकाही त्या कसोटीवर उतरत नाही. देवयानीचा उजेड कडेला संपतो असं वाटतं. १९७० मध्ये व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानीतल्या वायूचा वेग मधून कडेपर्यंत मोजला. सगळं द्रव्य उजेडाच्या जागी असतं, तर कडेचा वायू मंद फिरायला हवा होता. तो मंदावेना. मग खोडदसारख्या रेडिओ दुर्बिणींनी हायड्रोजनचा २१ सेंटिमीटरचा संदेश ऐकून उजेडाच्या पलीकडचंही फिरणं मोजलं. तिथेही तेच. म्हणजे दिसत नाही असं पुष्कळ द्रव्य बाहेर पसरलेलं आहे. त्याला आम्ही कृष्णद्रव्य म्हणतो. ते विरळ होत जातं, पण अमुक ठिकाणी बांध घातलाय असं कुठे नाही. तुम्ही डोळ्यांनी पाहिली ती वस्तू फक्त अंगणातला दिवा आहे. वाडा अंधारात आहे."

मामा गप्प झाले. त्यांना पटलं नव्हतं, पण मुद्दा त्यांनी नोंदवून घेतला होता. मोजणीच्या जागी एखादा म्हातारा जुनी खूण दाखवतो, तेव्हा ते असेच गप्प होत असणार.

ओसरीवर परत आलो तेव्हा त्यांनी मला कचाट्यात पकडलं. "हे हजारो ठिपके तू कागदावर मांडलेस. प्रत्येकाचं अंतर काढायला तो उजळता-मंदावता तारा सापडला का?"

"नाही. इतक्या दूर एकेक तारा वेगळा दिसत नाही. तिथे वेगावरून अंतर काढतात. विश्व पसरतंय, म्हणून दीर्घिका जितकी लांब तितकी जास्त वेगाने दूर जाते, आणि तितका तिचा प्रकाश तांबड्याकडे सरकतो. साधारण दर कोटी प्रकाशवर्षांना सेकंदाला दोनशे किलोमीटरची भर. प्रकाशाची सरक मोजली की वेग, वेगावरून अंतर."

"म्हणजे ही तुमची साखळी."

"हो."

"झोळ किती खाते?"

मला त्यांना तिथेच नमस्कार करावासा वाटला. मामांच्या उमेदीच्या काळात मोजणी ३३ फुटांच्या साखळीने होई. साखळी बाय साखळी म्हणजे एक गुंठा. साखळी ताणून धरली नाही तर मधे झोळ पडतो आणि अंतर खऱ्यापेक्षा जास्त भरतं. कुठलंही मोजमाप समोर आलं की मामा आधी झोळ विचारतात. विश्वाच्या पहिल्या मोठ्या नकाशाची गोष्ट नेमकी त्या झोळाचीच आहे.

१९८६ मध्ये अमेरिकेत व्हॅलेरी द लापराँ, मार्गारेट गेलर आणि जॉन हुक्रा यांनी आकाशाची एक अरुंद पट्टी घेतली आणि तिच्यातल्या सुमारे ११०० दीर्घिकांची अंतरं मांडली. ॲरिझोनातल्या दीड मीटर व्यासाच्या दुर्बिणीने, एकेक दीर्घिका धरून. सगळे ठिपके सारखे विखुरलेले निघतील असं पुष्कळांना वाटत होतं. कागदावर उमटली हातपाय पसरलेली माणसाची आकृती. धड, दोन हात, दोन पाय, आणि आजूबाजूला मोठमोठ्या रिकाम्या जागा.

मी ते चित्र मोबाइलवर दाखवलं. मामांनी ते मोठं करून पाहिलं आणि धडावर बोट ठेवलं. "हे इतकं सरळ कसं? आणि आपल्याकडेच तोंड करून?"

"तो तुमचा झोळ. धडाच्या जागी अरुंधतीकेशातला दीर्घिकांचा गुच्छ आहे, हजाराहून जास्त दीर्घिकांचा. ती एकमेकींच्या ओढीने सैरावैरा पळणारी गर्दी आहे, सेकंदाला हजार किलोमीटरच्या आसपासचे वेग. एखादी आपल्याकडे येत असेल तर तिचा वेग कमी भरतो आणि आम्ही तिला जवळ मांडतो. दुसरी दूर पळत असेल तर लांब. हजार किलोमीटरच्या चुकीने दीर्घिका साडेचार कोटी प्रकाशवर्षं पुढे किंवा मागे सरकते. गोल गुच्छाची कागदावर लांब काठी होते. खगोलशास्त्रज्ञ त्या काठ्यांना देवाची बोटं म्हणतात, कारण नकाशात असतील तितके गुच्छ सगळे आपल्याकडे बोट रोखून असतात."

मामा समाधानाने मागे टेकले. "शिवारातली प्रत्येक चूक मोजणाऱ्याच्या टेबलाकडे तोंड करून असेल, तर ती शिवाराची नसते. टेबलाची असते. आणि मग तुझ्या हातापायांवर मी कशाला विश्वास ठेवू?"

"कारण हात आडवे आहेत. झोळ पडतो तो आपल्या नजरेच्या रेषेत. आकाशात डावी-उजवीकडे पसरलेली भिंत झोळाने तयार होत नाही. आणि नंतर शेजारच्या पट्ट्या मोजल्या, तेव्हा तेच हात पुढे चालू राहिले. १९८९ मध्ये गेलर आणि हुक्रा यांनी त्या सलग पट्ट्याला महाभिंत म्हटलं. त्याआधी १९८१ मध्ये भूतप तारकासमूहाच्या दिशेला ३० कोटी प्रकाशवर्षांहून रुंद अशी पोकळी सापडली होती. तिच्यात पुढे कसून शोधूनही जेमतेम साठेक दीर्घिका मिळाल्या."

पुढची मोजणी झाली न्यू मेक्सिकोतून, २००० सालापासून. स्लोन सर्वेक्षण नावाने ती ओळखली जाते. तिचं एक दृश्य सांगताना मला नेहमी हुरूप येतो. आकाशाच्या एका भागासाठी ॲल्युमिनियमची एक चकती. त्या भागातल्या दीर्घिका जिथे जिथे आहेत, तिथे तिथे चकतीला भोक, एकूण ६४०. दिवसा माणसं बसून प्रत्येक भोकात हाताने एकेक काचतंतू खोचत. रात्री ती चकती दुर्बिणीला लावली की एका वेळी सहाशेच्या वर प्रकाश वेगवेगळे मोजले जात. आता ॲरिझोनातल्या डेसी यंत्रात ५,००० तंतू यांत्रिक बोटं आपोआप जागेवर नेतात.

"साखळीवरून ईटीएस मशीनवर आले," मामा म्हणाले.

"आणि त्या स्लोनच्या मोजणीतूनच पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेतल्या जयदीप बागची आणि सहकाऱ्यांना २०१७ मध्ये सरस्वती नावाचा महागुच्छ सापडला. आत्ता आपण पाहिला त्या भाद्रपदांच्या चौकोनाच्या दक्षिणेला, मीन राशीत. ४०० कोटी प्रकाशवर्षं दूर, साठ कोटी प्रकाशवर्षांचा पसारा, निदान ४३ गुच्छ."

"पुण्यातून?"

"पुण्यातून."

ते पुन्हा अंगणाच्या कडेपर्यंत जाऊन चौकोनाखालची रिकामी दिसणारी जागा पाहून आले. तिथे काही दिसणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. तरी गेले.

"समजा, भिंती खऱ्या," परत येऊन ते म्हणाले. "पण भिंतीच का? ढीग का नाहीत?"

तेवढ्यात मामी ताटलीत दोन अनारसे घेऊन आल्या. आणि मला जे फळ्यावर अर्धा तास लागतं, ते त्या ताटलीत होतं. मी अनारसा दिव्यासमोर धरला. "मामी, जाळी कशी पडते?"

"कशी म्हणजे? पीठ चांगलं मुरलेलं असलं की पडते. तुपात सोडला की आतून फुगतो, भोकं मोठी होत जातात, आणि पीठ कडेला सरतं." त्यांनी पदराला हात पुसले. "पीठ तेवढंच असतं गं. रिकामं वाढतं म्हणून जाळी दिसते."

विश्वाचंही मुळात असंच झालं. पावणेचौदाशे कोटी वर्षांपूर्वी महास्फोट झाला. त्यानंतर ३ लाख ८० हजार वर्षांनी निघालेला प्रकाश आजही सगळीकडून येतो. १९९२ मध्ये कोबे उपग्रहाने त्यात कमीजास्तपणा शोधला, लाखात एक इतका. कुठे पीठ किंचित जास्त, कुठे किंचित कमी. जास्त असलेल्या जागेने शेजारचं ओढलं, कमी असलेली जागा आणखी ओस पडली आणि फुगत गेली. रशियन शास्त्रज्ञ याकोव झेल्डोविच यांनी १९७० मध्ये दाखवलं की असं द्रव्य सगळ्या बाजूंनी सारखं कोसळत नाही. ज्या दिशेला ते सर्वांत आखूड, तिकडून आधी मिटतं आणि पापुद्रा होतो. पापुद्रा दुसऱ्या दिशेने मिटला की तंतू. तंतूच्या वाटेने द्रव्य वाहत जाऊन जिथे तंतू भेटतात तिथे गाठ, म्हणजे दीर्घिकांचा गुच्छ. भिंत, तंतू आणि गाठ हे एकाच कोसळण्याचे टप्पे आहेत.

"आणि दीर्घिका?" मामांनी विचारलं. मग स्वतःच अनारशावरची खसखस बोटाने टिपली. "या."

"हो. पीठ म्हणजे कृष्णद्रव्य, साध्या द्रव्याच्या पाचपट. आपल्याला फक्त खसखस दिसते."

"जमलं नाही तर हसतो हं अनारसा," मामी आत जाता जाता म्हणाल्या. "सगळा विस्कटतो." मी त्यावर काही बोलले नाही, पण ते वाक्य मला थोड्या वेळाने लागणार होतं.

मामा नकाशावर परतले. "जाळी मान्य. पण जाळीचा एक तुकडा कापून त्याला तू नाव दिलंस, ती कात्री कुठून आणलीस? माझी मूळ हरकत तीच आहे."

इथे मला नाणेघाट आठवला. "मामा, नाणेघाटाच्या माथ्यावर पाऊस पडला, तर पाणी कुठे जातं?"

"अलीकडे पडलं तर कुकडीला. कुकडी घोडला, घोड भीमेला, भीमा कृष्णेला, आणि शेवटी बंगालच्या उपसागराला. हातभर पलीकडे पडलं तर कोकणात, अरबी समुद्राला."

"माथ्यावर दगड आहेत का हद्दीचे?"

ते हसले. "पाणलोट."

"टुलींनी तेच केलं. दीर्घिका कुठे आहेत एवढंच पाहिलं नाही. आठ हजारांवर दीर्घिकांचा वेग घेतला, अंतर मात्र वेगावरून न काढता वेगळ्या मार्गाने काढलं, मग वेगातून विश्वाच्या पसरण्यामुळे येणारा वेग वजा केला, आणि जे उरलं तो ओघ. आपली आकाशगंगा शेजाऱ्यांसकट सेकंदाला सुमारे सहाशे किलोमीटरने वाहते आहे. ज्या सगळ्या दीर्घिकांचा ओघ एकाच खोलगट भागाकडे आहे त्या लानियाकियाच्या. रेघेपलीकडे ओघ दुसरीकडे वळतो. रेघ मी नाही काढली, पाण्याने काढली."

मामा बराच वेळ त्या नारिंगी रेघेकडे पाहत राहिले. त्यांनी पाणलोटाची कामंही केली होती. वाट्या सरकवून त्यांनी नकाशा स्वतःकडे ओढला. नकाशावरच्या बारीक पांढऱ्या धारा एकत्र येऊन मधे मिसळत होत्या. त्या त्यांनी नखाने एकेक माग काढत पाहिल्या.

"हे पाणी शेवटी पोचतं का तिथं?"

मी खरं तेच सांगितलं. नाही पोचणार. लानियाकियातल्या बहुतेक दीर्घिका एकमेकींना बांधलेल्या नाहीत. ओघ खरा आहे, पण विश्वाचं पसरणं त्याहून जोरदार आहे आणि कृष्णऊर्जेमुळे ते वाढतंय. कालांतराने हा महागुच्छ विस्कटेल. मामींचा अनारसा हसतो तसा. सरस्वतीचा मधला गाभा मात्र इतका जड आहे की तो स्वतःच्या ओढीने आत कोसळत असावा, असं तो शोधणाऱ्यांचं म्हणणं आहे.

"मग मी म्हणतो तेच," मामा म्हणाले. "लानियाकियाला पाणलोट म्हणा. गाव म्हणू नका. गाव म्हणजे जे एकत्र राहणार आहेत ते. तो सरस्वतीचा गाभा, त्याला गाव म्हण हवं तर."

व्याख्यानाच्या कागदांवर मी जिथे 'महागुच्छाची हद्द' लिहिलं होतं, तिथे त्याच रात्री 'पाणलोटाची रेषा' असं दुरुस्त केलं. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पण माझंही पूर्ण झालं नव्हतं, आणि तेही त्यांनी ओळखलं.

"अजून एक दाखव," ते म्हणाले. "कागदावरचा फरक मला नको. शिवारात फरक दाखव. भिंतीत राहणाऱ्या दीर्घिकेला आणि पोकळीत राहणाऱ्या दीर्घिकेला त्या जागेमुळे काही होतं का? का नुसता पत्ता वेगळा?"

"सात-बारा, मामा."

"म्हणजे?"

"सातात जमीन कुणाची ते, बारात पीक कुठलं ते. तुम्हीच शिकवलंय मला. धुळीत काढले ते हबलचे प्रकार म्हणजे बारा, आणि जाळीतली जागा म्हणजे सात. १९८० मध्ये ॲलन ड्रेसलर यांनी ५५ गुच्छांतल्या सुमारे सहा हजार दीर्घिकांची पीकपाहणी केली. विरळ भागात दर दहांतल्या सात-आठ सर्पिल किंवा अनियमित. गुच्छाच्या दाट गाभ्यात दहांत एखादीच. तिथे बाकी सगळ्या लंबवर्तुळाकार आणि भिंगाकार. शेजार जसा दाट होतो तसं पीक बदलत जातं, गुच्छागुच्छांत तोच क्रम."

"जमिनीमुळे की बियाण्यामुळे?"

खगोलशास्त्रज्ञ अजून हाच वाद घालतात, आणि मामांनी तो तीन शब्दांत मांडला. दाट जागी द्रव्य आधीपासून जास्त. तिथे दीर्घिका लवकर घडल्या, वायू लवकर संपवला, एकमेकींवर आदळून भुजा मोडल्या आणि गोल झाल्या. हे झालं बियाणं. पण जमीनही काम करते. नॉर्मा गुच्छात, लानियाकियाचा ओघ जिथे जातो त्या बाजूलाच, ईएसओ १३७-००१ नावाची एक सर्पिल दीर्घिका गुच्छात घुसते आहे. गुच्छातल्या दीर्घिकांच्या मधे कोट्यवधी अंश तापलेला वायू भरलेला असतो. वेगाने घुसताना त्या वाऱ्याने तिचा स्वतःचा वायू मागे फरफटत चालला आहे. दोन लाख प्रकाशवर्षांहून लांब त्याची शेपटी झाली आहे, आणि त्या शेपटीत निळे तारे उमलताहेत. वायू गेला की नवे तारे नाहीत. निळी दीर्घिका तांबूस होत जाईल. तिचं छायाचित्र मी मामांना दाखवलं.

त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "उघड्यावर लावलेलं रोप," ते हळूच म्हणाले. "पाण्याचा अंश सगळा वाऱ्याने नेला." आणि मग, "हं. जागा काम करते."

याहून जास्त कबुली मामांकडून मिळत नाही. आणि ती पूर्ण कबुलीही नव्हती. मी जरा धीटपणे त्यांना २०२१ मध्ये अलेक्सिया लोपेझ यांनी मांडलेल्या महाकमानीचं सांगितलं. ९२० कोटी प्रकाशवर्षं दूर, ३३० कोटी प्रकाशवर्षं पसरलेली. ती खरी असेल तर मोठं कोडं आहे, कारण साधारण ३०-४० कोटी प्रकाशवर्षांपलीकडे विश्व कुठेही कापलं तरी सारखंच दिसतं, हे आमच्या सगळ्या गणिताचं गृहीत. मामांनी लगेच मान हलवली. "ज्वारी फेकून दे अंगणात. त्यात तुला कमानी दिसतील, हत्तीसुद्धा दिसेल. मला ओघ दाखव, पीक दाखव, मग मी मानेन." त्या कमानीविषयी तज्ज्ञांतही हीच शंका आहे. ठिपके पुरेसे विखुरले की डोळा त्यांतून साखळ्या काढतोच. इथे मी मामांच्या बाजूची आहे, निदान सध्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. अनारशांचा डबा आईच्या मांडीवर होता.

भाऊबीज होऊन महिना-सव्वा महिना झाला असेल. पुण्याच्या एनसीआरएतून, म्हणजे खोडदच्या तबकड्या जी संस्था चालवते तिथून बातमी आली. राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांना जेम्स वेब दुर्बिणीच्या छायाचित्रांत एक सर्पिल दीर्घिका सापडली होती. तिचं नाव अलकनंदा. विश्वाचं वय जेमतेम दीडशे कोटी वर्षं होतं तेव्हाची ती. त्या काळातल्या दीर्घिका वेड्यावाकड्या, गुठळ्यांच्या असतील अशी समजूत होती. हिला दोन सुबक भुजा आहेत, ३०,००० प्रकाशवर्षांची तबकडी आहे, आणि सूर्याच्या हजार कोटी पट वस्तुमानाचे तारे. इतक्या कमी वेळात इतकी घडी कशी बसली, हा प्रश्न आता सगळ्यांपुढे आहे.

मी मामांना फोन केला आणि हे सगळं एका दमात सांगितलं. मला वाटलं, ते म्हणतील, बघ, दीर्घिका ही वस्तू आहे, आकार आहे तिला, मी म्हणत होतो तसं. पलीकडे थोडा वेळ शांत होतं. मागे मोटार चालू असल्याचा आवाज येत होता. मामा कांद्याला पाणी देत होते.

"खरेदीखत करताना गट नंबर लिहितात, आकार लिहितात, त्याने भागत नाही," ते म्हणाले. "पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण, दक्षिणेस, उत्तरेस. त्याशिवाय कुठला तुकडा ते कळत नाही."

"माहीत आहे, मामा."

"मग हिची चतुःसीमा काय?"